समुद्रातल्या पंख्याची किल्ली

पोळ्याच्या सकाळी न्हाणीच्या फरशीवर किल्ली खणकन पडली, तेव्हा धनंजयच्या अंगावर ओला टॉवेल होता, डोक्याला साबण होता आणि डेन्मार्कच्या समुद्रात एक पवनचक्की त्या किल्लीवाचून गप्प उभी होती. यातल्या कशासाठीही दुसऱ्या कुणाला बोल लावता येण्यासारखं नव्हतं.

झालं असं की, त्यांच्या घरी पोळ्याला करदोडा बदलायची रीत. बैलांना नवी वेसण, नवा कासरा, आणि त्यांच्यामागून घरातल्या बाप्यांना कमरेला नवा काळा दोरा. आधी बैल, मग बबनराव, मग त्यांचा मुलगा धनंजय, असा मानाचा क्रम. त्या वर्षी, म्हणजे दोन हजार पाच साली, धनंजय खास पोळ्यासाठी रजा काढून डेन्मार्कहून आला होता, तरी क्रम काही बदलला नाही. त्याच्या आईनं, जयवंताबाईंनी, नवा दोरा न्हाणीच्या दारावर टाकला आणि बाहेरूनच सांगितलं की जुना कापून टाक, बैल सजून उभे आहेत, तुझंच राहिलंय. धनंजयनं दाढीच्या ब्लेडनं जुना करदोडा कापला. निघाल्यापासून कमरेला जे टोचत होतं आणि ज्याला तो विमानातल्या खुर्चीचा दोष समजत होता, ते खाली पडलं.

लहानशी पितळी किल्ली. तिला लाल पट्टी चिकटवलेली. तिचं कुलूप कुठं आहे हे त्याला लगेच आठवलं आणि तो साबणासकट खाली बसला.

कुलपाची गोष्ट अशी. पवनचक्कीत दुरुस्तीला माणूस चढला की आधी तिचा स्विच बंद करतात, आणि त्या स्विचला प्रत्येक जण आपापलं कुलूप लावतो. किल्ली ज्याची त्याच्याजवळ. कुलूप दिसलं की त्याचा अर्थ एकच: आत माणूस आहे, हात लावू नका. काम अर्धवट टाकून निघावं लागलं तर कुलूप तसंच ठेवायचं आणि किल्ली बंदरावरच्या ऑफिसात आपल्या नावाच्या खुंटीला अडकवायची. धनंजयची खुंटी तिकडे रिकामी होती आणि किल्ली इकडे वर्ध्याजवळच्या सिंदी रेल्वे या गावात, मोरीच्या तोंडाशी. दुसऱ्याचं कुलूप तिथं कोणी तोडत नाही. तोडायचंच झालं तर तो माणूस आत नाही, धडधाकट आहे आणि जमिनीवर आहे, हे आधी त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. ते ऐकायला मिळालं नाही, तर कुणाला तरी बोटीनं जाऊन, वर चढून, आत डोकावून यावं लागतं.

मुळात हा माणूस समुद्राचा नव्हेच. सिंदीपासून समुद्र इतका लांब, की आमच्या शाळेत भूगोलाच्या सरांनी तो अर्ध्या तासात उरकला होता आणि उरलेल्या अर्ध्या तासात कापूस घेतला होता. वर्ध्याच्या आयटीआयमधून फिटर होऊन धनंजय नव्वदच्या दशकात गावातल्याच एका जिनिंगमध्ये लागला. तिथले मिस्त्री अण्णाजी. कापसाच्या मशिनीत हात घालण्याआधी अण्णाजी मेन बोर्डावरची चिनी मातीची फ्यूज उपटायचे आणि खिशात टाकायचे. एकदा ते तशीच फ्यूज खिशात घेऊन घरी जेवायला गेले, आणि सगळी जिनिंग त्यांच्या वरणभाताची वाट पाहत बसली. मालक तणतणला. अण्णाजी हात पुसत म्हणाले, "ज्याचा हात मशिनीत, त्याच्या खिशात फ्यूज. जेवाले गेलो म्हणून का नियम बदलते?" धनंजय या माणसाच्या हाताखाली तयार झाला. पुढचं बरंचसं त्यात आलं.

हंगाम सरला की जिनिंग बंद. अशाच एका रिकाम्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या पठारावर नव्या पवनचक्क्यांना फिटर पाहिजेत असं कळलं आणि तो गेला. काही वर्षं तिथं शिड्या चढला, बोल्ट आवळले, ग्रीस भरलं, वाऱ्यात डबा खायला शिकला. मग ज्या परदेशी कंपनीची ती मशिनं, तिला समुद्रात उभ्या केलेल्या तसल्याच मशिनांची एक मोठी दुरुस्ती करायची होती आणि त्या मशिनीवर हात बसलेली माणसं कमी पडत होती. साताऱ्याहून काही जणांना बोलावणं गेलं. त्यात धनंजयचं नाव निघालं.

बबनरावांनी ही बातमी स्वतः बाजारात नेली. बाजार म्हणजे मोतीलालचं दुकान. दोरखंड, झुली, घुंगरू, रंग आणि वर किराणा असं सगळं विकणारं ते दुकान, आणि त्याच्याच कोपऱ्यात काचेची एसटीडीची खोली. खोलीचं दार स्प्रिंग तुटल्यापासून लागत नव्हतं. मोतीलालला ते दुरुस्त करायची घाई नव्हती, कारण गावातली निम्मी बातमी त्याला त्या फटीतून आपोआप मिळायची.

"समुद्रात पंखे?" मोतीलालनं विचारलं. "वहाँ कोणाले गर्मी होऊन राह्यली, बबनराव? मासोयाइले?"

बबनरावांनी समजावून पाहिलं की त्या पंख्यांतून वीज निघते. मोतीलाल म्हणाला, असंन. पण पंखा वीज खाते हे त्यानं उभ्या जन्मात पाहिलं होतं, पंखा वीज देते हे कुणाच्या घरी पाहिलं नव्हतं. पोरगं साताऱ्यालाच असंन, पत्ता तेवढा डेन्मार्कचा सांगून राह्यलं, असं त्यानं गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली. त्यात दुष्टावा नव्हता. दुकानात कुणी दोर मोजून होईपर्यंत उभं असलं की त्याला काहीतरी सांगावं लागतंच.

तिकडे धनंजयला आधी पोहण्याबद्दल विचारलं. येतं, म्हणाला तो. वडनेरला मामाच्या विहिरीत, कमरेला दोर बांधून, वरून मामा धरून असताना, येतं. हा तपशील त्यानं इंग्रजीत सांगितला नाही. तेवढं इंग्रजीही नव्हतं. मग त्याला जाड रबरी सूट चढवून एका तलावात ढकलण्यात आलं. पुढं पुष्कळ दिवस तो मोहिनीला, म्हणजे बायकोला, फोनवर एवढंच सांगत होता की इथलं पाणी फार थंड आहे. बुडालो होतो, हे सांगायला त्याला दिवाळी उजाडावी लागली.

आणि समुद्र दिसला तेव्हा तो निळा नव्हताच. मळकट, राखाडी, पुराच्या वेळी आपली वणा नदी दिसते तसला, फक्त पलीकडचा काठ नसलेला. त्या पाण्यात रांगेनं पवनचक्क्या उभ्या. तिथं जायचं लहान बोटीनं. बोट आपलं नाक खांबाला टेकवते आणि इंजिनाच्या जोरावर दाबून धरते. लाटेबरोबर ती वर-खाली होत असते, शिडी मात्र जागची हलत नाही. बोट वर आली, तिथं क्षणभर थबकली की पाऊल टाकायचं. पट्टा आधीच अडकवलेला असतो, पण पाऊल आपलंच असतं. लाटा ठरलेल्या उंचीच्या वर गेल्या की बोट निघतच नाही, सगळे बंदरावर कॉफी पीत बसतात. या नोकरीत निम्मं काम वाट पाहण्याचं आहे, असं धनंजयनं सुट्टीत सांगितलं तेव्हा मोतीलालला पहिल्यांदा त्या नोकरीबद्दल आदर वाटला.

पहिल्या खेपेला धनंजयनं शिडीला हात लावला आणि नमस्कार केल्यासारखा मागे आला. दुसऱ्या खेपेला तो बोटीच्या मागच्या बाजूला, बादलीत तोंड घालून होता; त्याला बोट लागायची, आणि कायमच लागत राहिली. सुपरवायझर उंच, अबोल गृहस्थ. ओरडला नाही, नुसता घड्याळाकडं बघत राहिला. अण्णाजी असंच करायचे, म्हणून धनंजयला ते जास्त लागलं. त्यानंतरच्या एका दिवशी, डोळे उघडे ठेवून, त्यानं पाऊल टाकलं. वर पोचला, टपावरची झडप उघडून डोकं बाहेर काढलं, तर चारी बाजूंनी पाणी आणि वारा, आणि हाक मारणारं कुणी नाही. त्याला तिथं इतकं बरं वाटलं की हे मोहिनीला सांगावं की नाही याचा त्यानं थोडा विचार केला.

समुद्रावरची ही नेमणूक मात्र पक्की नव्हती. रजेवरून परतल्यावर ठरणार होतं: कुणाला पुढंही समुद्रावर ठेवायचं आणि कुणाला साताऱ्याच्या पठारावर परत धाडायचं. धनंजयला राहायचं होतं. ज्या पावलासाठी त्यानं एवढ्या उलट्या काढल्या ते पाऊल आता कुठं जमायला लागलं होतं. आणि साताऱ्याला परत आला असता तर मोतीलालला केवढा आनंद झाला असता, हाही मुद्दा होताच.

अशा माणसानं किल्ली कमरेला का बांधावी? कारण एकदा त्याची किल्ली खिशातून निसटून जाळीच्या फटीतून समुद्रात गेली होती आणि त्याला चारचौघांत मान खाली घालावी लागली होती. मग त्यानं आपल्याकडची पद्धत धरली. आपल्याकडं कोठीची, पेटीची, महत्त्वाची जी असेल ती किल्ली बाप्ये करदोड्याला बांधतात. माणूस हरवेल पण किल्ली हरवणार नाही. धनंजय कुलूप लावायचा, सूट उघडून किल्ली करदोड्याला बांधायचा आणि निर्धास्त काम करायचा. रजेच्या आदल्या दिवशी जोडीदाराबरोबर चाललेलं काम अर्ध्यावर असताना खालून कप्तानाचा निरोप आला की लाटा चढताहेत, ताबडतोब उतरा. उतरले. बोट वाटभर आदळत आली, धनंजय वाटभर बादलीत होता. बंदरावर त्यानं सूट ओढून काढला आणि बिछान्यावर पडला. सकाळी विमान. खुंटी, किल्ली यातलं काही डोक्यात राहिलं नाही.

तरी विमानतळावर देवानं एक संधी दिली होती. तपासणीच्या चौकटीतून जाताना यंत्र ओरडलं. शिपायानं शर्ट वर करायला लावला आणि काळ्या दोऱ्याकडं बोट दाखवून हे काय म्हणून विचारलं. धनंजयनं खालीसुद्धा पाहिलं नाही. आमची पद्धत आहे, म्हणाला. शिपाई शहाणा होता. दुसऱ्याच्या धर्मात त्यानं लुडबूड केली नाही.

तर आता किल्ली हातात धरून धनंजय न्हाणीत बसला होता आणि दारावर मोहिनी थापा मारत होती. अखेर त्यानं दार किलकिलं करून किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सांगताना हळूच दुसरी वाटही सुचवली: कुणाला काही बोलायचं नाही, परत गेल्यावर किल्ली गुपचूप खुंटीला लावून टाकायची. तिकडे समुद्र खवळलेलाच असणार, कोण जातंय बघायला.

मोहिनीनं किल्ली उलटीसुलटी करून पाहिली. "कुलूप दिसलं म्हंजे त्याइले काय वाटन? तुमी आत हा?"

"नियमानं तसंच."

"मंग कोणी तुमाले पाहाले जाईन का नाई?"

लाटा थोड्या उतरल्या की कुणाला तरी पाठवतील, हे धनंजयला माहीत होतं. शिडीवरचं ते पाऊलही माहीत होतं.

"अवो, मंग फोन करा," मोहिनी म्हणाली. "साबण धुवा पह्यले."

पोळ्याच्या सकाळी मोतीलालच्या दुकानात उभं राहायला जागा नसते. कुणाला बेगड पाहिजे, कुणाला शिंगांचा रंग, कुणाचा घुंगराचा पट्टा ऐन वेळी तुटलेला. घरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे, म्हणून त्या गर्दीत, काचेच्या त्या न लागणाऱ्या दारामागे उभं राहून धनंजयनं डेन्मार्कला फोन लावला. पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा लागला, आणि दुकानातली बोलणी एकेक करून बंद पडली. सिंदीत तोवर इंग्रजी एवढ्या मोठ्यानं फक्त शाळेच्या गॅदरिंगमध्ये बोललं गेलं होतं.

सुपरवायझरनं आधी नाव विचारलं, जणू आवाज ओळखलाच नाही. मग कुलपाचा नंबर. मग कुठं आहेस. धनंजयनं गावाचं, जिल्ह्याचं, देशाचं नाव सांगितलं. तिकडून प्रश्न आला, दोन्ही पाय जमिनीवर आहेत का? त्यानं खाली पाहिलं. घाईत एकच चप्पल घालून आला होता. आहेत, म्हणाला. तुझा जोडीदार आत आहे का? नाही, तो माझ्यासोबतच उतरला. मग सुपरवायझरनं सावकाश सांगितलं की रिकामी खुंटी आजच कुणाच्या तरी लक्षात आली. जोडीदाराला विचारलं तर तो म्हणाला, उतरलो दोघं, पण किल्लीचं मला ठाऊक नाही. घरी एकदा फोन लावून पाहिला, तो लागला नाही. लाटा जरा बसल्या की दोघं जण जाऊन बघणार होते. आता ते जाणार नाहीत.

मधल्या वेळात मोतीलाल गल्ल्यावरून उठला होता. खोलीबाहेरच्या मीटरचे लाल आकडे पळत होते आणि धनंजय त्यांच्याकडं बघून घाईघाईनं बोलत होता, हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं मांडणीवरची एक झूल ओढली आणि मीटरवर टाकली. आरशांची, लाल, चांगल्या बैलाची झूल. मग तो पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला.

धनंजयनं शेवटी विचारून टाकलं: आणि माझ्या नेमणुकीचं? मग उत्तर आलं की किल्ली कुरियरनं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये. बाकीचं आल्यावर बोलू. आणि केक.

फोन ठेवून तो बाहेर आला तेव्हा दुकान त्याच्याकडं बघत होतं.

"काय म्हने?" मोतीलालनं विचारलं.

"केक मांगते."

त्या कंपनीची चालच तशी होती. ज्याच्या हातून चूक होईल त्यानं सगळ्या गड्यांना केक खाऊ घालायचा. धनंजयनं दुसऱ्यांच्या चुकांचा केक पुष्कळ खाल्ला होता. हे त्यानं समजावून सांगितलं, पण बबनरावांचं लक्ष केककडं नव्हतं. ते मागे बेगडाचा कागद हातात धरून उभे होते.

"नोकरी राह्यली का गेली, थे सांग," ते म्हणाले.

"नाई सांगितलं, बाबा. ये म्हने, मंग पाहू."

बबनरावांनी मान हलवली आणि बेगड गुंडाळायला लागले. बराच वेळ गुंडाळत होते.

मोतीलालनं झूल उचलायचं नाव काढलं नाही. पैसे किती म्हणून धनंजयनं विचारलं, तर म्हणाला, "पैसे राहू दे बेटा. मले एक फोटो पायजे. त्याच्यात तू, पंखा अन् पानी. तिन्ही एकसाथ. मंग मी मानीन." धनंजयनं शब्द दिला. त्याला वाटलं, स्वस्तात सुटलो.

संध्याकाळी तोरणाखाली बैल उभे राहिले आणि झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची चिमटे काढणारी कवनं, सुरू झाल्या. एकमेकांच्या खोड्या काढायला वर्षातून एकदा मिळालेली ती संधी कुणी सोडत नाही. ढोल थांबला आणि गर्दीतून कुणीतरी गळा काढला:

"समुद्रात लावला पंखा, त्याले घातलं कुलूप,
किल्ली बांधली कमरेले, अन् घरी खाल्लं तूप!"

मग एवढ्या मोठ्यानं हर हर महादेव झालं की बबनरावांचा डावा बैल बिचकला. झडती रचणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण मोतीलाल त्या वेळी फार बारकाईनं तोरणाकडं बघत होता. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन निघाली, तर त्यातल्या एकाच्या शिंगांमध्ये कागदाची भिंगरी खोचलेली आणि गळ्यात कुलूप.

अण्णाजींनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. ते आता थकले होते, ओट्यावर बसून असायचे. धनंजय पाया पडायला गेला तेव्हा त्यांनी किल्ली मागून घेतली, बोटांनी चाचपून पाहिली. त्या दिवशी जिनिंग थांबली ती त्यांच्यामुळे, हे त्यांना आठवत होतं.

"मी जेवाले गेलतो," ते म्हणाले, "पन घर चार पावलांवर होतं ना बापा. तू तं लयच दूर जेवाले आला."

निघायच्या दिवशी वर्ध्याहून गोरसपाकचे, म्हणजे तिथल्या तुपातल्या बिस्किटांचे, डबे आणले. केकला तोड देईल असं जिल्ह्यात दुसरं काय होतं? मोहिनीनं किल्ली नव्या करदोड्याला स्वतः बांधली आणि गाठ ओढून पाहिली. "हे गाठ म्या मारली," ती म्हणाली. "आता थे कुलूप उघडाच्या आंधी सोडाची नाई." नागपूरला यंत्र ओरडलं, मुंबईला ओरडलं, तिकडेही ओरडलं. प्रत्येक ठिकाणी धनंजयनं आता सगळी हकिकत सांगितली. तिकडच्या विमानतळावर त्याच्यामागे एवढी रांग लागली की शिपायानं हात जोडले.

समुद्र मधल्या दिवसांत शांत झालाच नव्हता. बोट एकदाही निघाली नव्हती, कुलूप जसंच्या तसं होतं. धनंजय पोचल्यावरही सगळे बंदरावर बसून होते, आणि सुपरवायझर नेमणुकीबद्दल चकार शब्द काढत नव्हता. गोरसपाकचे डबे त्यानं टेबलावर ठेवले, तर आत्ता नको म्हणाला. आधी कुलूप.

एका सकाळी लाटा बसल्या, म्हणजे नियमात जेमतेम बसतील एवढ्या. बोट निघाली आणि सुपरवायझर स्वतः सोबत आला. डबेही सोबत आले. धनंजयनं आपली बादली जवळ घेतली, कारण माणसानं स्वतःला ओळखून असावं. खांब आला. कप्तानानं बोटीचं नाक टेकवलं. जोडीदार आधी गेला. धनंजयनं पट्टा अडकवला आणि उभा राहिला. बोट खाली गेली, वर आली. तो गेला नाही. पुन्हा खाली गेली. मागे सुपरवायझर घड्याळाकडं बघत नव्हता, त्याच्या पायांकडं बघत होता. बोट पुन्हा वर आली, थबकली, आणि धनंजय शिडीवर होता.

आत गेल्यावर सूट उघडून गाठ सोडायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मोहिनीची गाठ होती. जोडीदारानं चाकू पुढं केला, तो धनंजयनं नाकारला. शेवटी दातांनी सोडवली. ते कसं, हे त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. दोघांनी मिळून राहिलेलं काम पुरं केलं, मग आपापली कुलपं काढली. खाली उतरून बोटीत आले, मागे सरले, आणि पातं हलल्यासारखं झालं. मग खरंच हललं. पहिला फेरा इतका सावकाश होता की धनंजय ओकायचं विसरला.

तोवर बोटीत गोरसपाक संपत आला होता. कप्तान एक डबा घरच्यांसाठी बाजूला काढून बसला होता. सुपरवायझरनं बोटांना लागलेलं तूप पँटला पुसलं, खिशात हात घातला आणि धनंजयच्या हातात एक नवी किल्ली ठेवली, पुढच्या पवनचक्कीला लावायच्या कुलपाची. तिला साखळीनं एक नारंगी तरंगणारा गोळा बांधलेला होता, नारळाएवढा. पाण्यात पडली तरी बुडणार नाही, आणि कमरेला बांधली तर सूटची चेन लागणार नाही. नेमणुकीचं ते तेवढंच बोलणं. धनंजयनं बंदरावर उतरल्या उतरल्या घरी फोन लावला. तो बबनरावांनी घेतला आणि मग सगळी बातमी, गोळ्यासकट, पायी मोतीलालच्या दुकानात नेऊन दिली.

त्यानंतर काही वर्षं धनंजय समुद्रावर होता आणि पोळ्याला घरी येत राहिला. मोतीलालचा फोटो मात्र जमेना. पहिल्या वर्षीच्या फोटोत पंखा होता, पाणी होतं, आणि धनंजयच्या जागी बादलीमागे एक वाकलेली पाठ होती. ही पाठ कोणाचीही असू शकते, मोतीलाल म्हणाला. पुढच्या वर्षी धनंजय ऐटीत उभा, मागे पंखा, पण सगळीकडे धुकं. पाणी म्हणून दाखवण्यासारखं काहीच नाही. हे साताराच हाय, मोतीलाल म्हणाला. त्याच्या पुढच्या वर्षी जोडीदारानं वर टपावर उभं करून फोटो काढला. धनंजय हसतोय, खाली क्षितिजापर्यंत पाणी.

"अन् पंखा कुठं हाय?"

"शेठजी, मी पंख्याच्याच डोक्यावर उभा हाव."

"तुह्या पायाखाली काय हाय ते मले काय मालूम?"

मोतीलालनं पहिल्याच वर्षी काचेची फ्रेम करून आणली होती. ती गल्ल्यामागे, लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारी, रिकामीच टांगलेली आहे. एसटीडीची खोली मध्यंतरी निघाली, तिथं आता सिमकार्डं विकतात, फ्रेम राहिली. गिऱ्हाईक विचारतं, तेव्हा मोतीलाल म्हणतो की डेन्मार्कहून यायचा आहे, आणि दोर मोजून होईपर्यंत सगळी हकिकत सांगतो. धनंजय समुद्रावरून केव्हाच परत आला, पण मोतीलालच्या सांगण्यात तो अजून समुद्रावरच असतो. साताऱ्याचं नाव आता येत नाही.

परवाच्या पोळ्याला धनंजय करदोड्याचा दोरा घ्यायला गेला. मोतीलालनं दोरा मोजला, तोडला, पुडीत बांधला. मग फडक्यानं फ्रेमची काच पुसली, वाकडी झाली होती ती सरळ केली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. धनंजयनं पुडी खिशात घातली आणि त्या रिकाम्या काचेत दिसलेल्या आपल्या चेहऱ्याकडं एकदा बघून तो निघाला.